भरून कोणी ठेवली?

त्याला सगळे दुबार म्हणायचे. आईबापाने ठेवलेलं नाव कुठल्यातरी कागदावर असेलही, पण त्या नावाने हाक मारली असती तर त्याने मान वळवूनसुद्धा बघितलं नसतं. नाव पाडणारा होता त्याचा सख्खा थोरला भाऊ. लोकांना काय, आयतं मिळालं. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

नाव पडलं ते असं. दोघे भाऊ बंदुका घडवायचे, त्याही जुन्या तऱ्हेच्या, ठासणीच्या. दादा नळी घडवायचा आणि धाकटा लाकडाचा दस्ता. ही बंदूक सगळं तोंडाकडूनच गिळते. आधी मापाने दारू, तिच्यावर कापडाच्या तुकड्यात बसवलेली शिशाची गोळी, आणि मग लांब गजाने ते सगळं तळापर्यंत ठासायचं. एकदा आत गेलं की बाहेरून कळायला मार्ग नाही. भरलेली आणि रिकामी अशा दोन बंदुका भिंतीला टेकून शेजारी उभ्या केल्या तर खुद्द घडवणाऱ्यालाही ओळखू यायच्या नाहीत. म्हणून त्यांच्या बापाने घरात एक नियम घालून दिला होता. बंदूक हातात घेतली की पहिल्यांदा नळीत गज सोडायचा. नळी रिकामी असेल तर गज तळाच्या लोखंडावर टण्णकन वाजतो आणि गजावर कोरलेली खूण बरोबर नळीच्या तोंडाशी येते. भरलेली असेल तर नुसता धप्प असा मेलेला आवाज येतो आणि खूण वर राहते. ‘रिकामी आहे’ असं देवाने येऊन सांगितलं तरी ऐकायचं नाही. बाप म्हणायचा, “माणूस खोटं बोलेल, गज बोलायचा नाही.”

आणि मिसरूड फुटायच्या वयात एका दुपारी धाकट्याने गज टाकला नाही. कोपऱ्यात उभी होती ती बंदूक त्याने उचलली, भरली, खांद्याला लावली आणि चाप ओढला. तिच्यात आधीच एक बार ठासलेला होता. नळी मुळाशी फाटली आणि उजवा डोळा गेला.

दवाखान्यात तो शुद्धीवर आल्यावर बापाने त्याला एकच प्रश्न विचारला, “गज टाकला होतास का?”

तो नाही म्हणाला. खरंच टाकला नव्हता, मग खोटं कशाला बोलायचं? झालं, खटला तिथेच संपला. आधीचा बार भरून कोणी ठेवला होता, हा दुसरा प्रश्न बापाने विचारला नाही, आईने विचारला नाही, पुढे कोणीच विचारला नाही. वेंधळा पोरगा, यानेच विसरून दुबार भरली असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं.

आता तुम्हीच बघा. कारखान्यात माणसं होती तीन. बाप भरलेली बंदूक जन्मात कधी कोपऱ्यात ठेवायचा नाही. धाकट्याने त्या दिवशी तोवर बंदुकीला हातही लावला नव्हता. मग उरलं कोण? एवढं कळायला दोन डोळे लागत नाहीत.

पण तो बोलला नाही. आज ना उद्या दादा स्वतःच सांगेल, असं त्याला वाटलं. ते वर्ष गेलं, पुढचं गेलं. बाप गेला, आई गेली. दादाचं लग्न झालं. काण्याला मुलगी कोण देणार, म्हणून धाकट्याचं राहिलं. तो डाव्या खांद्यावरून नेम धरायला शिकला, रंधा मारताना मान वाकडी धरायला शिकला, सगळं शिकला. त्याला भांडण नको होतं. दादाने एकदा, फक्त एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणावं, ‘मी भरून ठेवली होती.’ बस्स. ह्या एका वाक्याची वाट बघत माणूस म्हातारा झाला.

आणि दादा? दादाने त्या प्रसंगाची गोष्ट केली. नवं गिऱ्हाईक आलं की गज हातात घेऊन सुरू. “हा आमचा धाकटा बघा. गज टाकायचा कंटाळा केला, आणि डोळा टाकून बसला. म्हणून याला म्हणतात दुबार!” गिऱ्हाईक हसायचं. धाकटाही हसायचा. न हसून सांगतो कुणाला.

मग एका वर्षी दादाचं विसरणं सुरू झालं. सुरुवातीला गमतीचंच होतं. चष्मा डोळ्यांवर आणि शोधाशोध घरभर. मग एकदा त्याने दुकानातून कानस आणली, तासाभराने पुन्हा जाऊन तसलीच दुसरी कानस आणली, आणि दुकानदाराने विचारलं तेव्हा त्याच्यावरच खेकसला. वहिनी झाकून न्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण एक दिवस स्वयंपाकघरात कप विसळता विसळता ती थांबली.

“भावजी, आज यांनी दोनदा अंघोळ केली.”

“उकडत असेल.”

“दुसऱ्यांदा डोकं ओलं होतं हो आधीचं. मी म्हटलं, अहो आत्ताच तर झाली. तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काय मीच वेडी.” तिने नळ बंद केला. “उद्या ते दाताचे डॉक्टर येणार ना बंदूक न्यायला?”

“हो.”

“पहिला बार?”

पहिला बार हासुद्धा बापाचाच नियम. नवीन बंदुकीचा पहिला बार घडवणाऱ्याने काढायचा, गिऱ्हाइकाच्या देखत, स्वतःच्या खांद्यावरून. जी नळी आपल्या गालाशी धरायची छाती होत नाही, ती दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. आता अशा बंदुका घेणारे म्हणजे हौशी लोक. परवाना काढतात, सुट्टीच्या दिवशी क्लबात जमतात, धूर काढतात, काळी नाकं घेऊन घरी जातात. पण दादाची नळी घ्यायची तर दादाचा पहिला बार बघायचा, हे त्यांच्यातही पक्कं ठरलेलं. त्या एका बारावर दादा ताठ चालायचा.

“तुम्ही काढा ना,” वहिनी म्हणाली.

“आणि दादाला कोण सांगणार?”

“तुम्हीच सांगायचं. मी सांगितलं तर घर डोक्यावर घेतील.”

त्याने सांगून बघितलं. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर ताटाकडे बघत म्हणाला, “दादा, उद्याचा बार मी काढू का? तुला जरा आराम.”

दादा मोठ्याने हसला. “तू? एका डोळ्यावर भागलं नाही वाटतं तुझं?”

वहिनीने भाजीचं भांडं उगाचच उचललं आणि परत ठेवलं. विषय तिथेच मेला.

सकाळी डॉक्टर आले. गोल, गोरे, तोंडाला खळ नसलेले. आयुष्यभर आ वासून बसलेल्या माणसांशी बोलायची सवय, त्यामुळे समोरून उत्तर येतं ही गोष्टच त्यांना ठाऊक नसावी. वहिनीने त्यांना चहाला बसवलं आणि इकडे दादाला दम धरवेना. तो बंदूक घेऊन मागच्या अंगणात गेला. अंगणाच्या टोकाला मातीचा उंच बांध, त्याच्यापुढे फळीवर चिकटवलेला निशाणाचा कागद. धाकटा खिडकीशी दस्ता घासत बसला होता, तिथून सगळं अंगण दिसायचं.

त्याने बघितलं. दादाने गज टाकला. टण्ण. खूण तोंडाशी. मग मापाने दारू ओतली, डब्यातून कापडाचा तुकडा काढला, गोळी बसवली, ठासली. सगळं कसं रेखीव, बापाने शिकवलं तसं. धाकट्याला बरं वाटलं. उगाच घाबरलो, असंसुद्धा मनात आलं. तेवढ्यात घरातून डॉक्टरांचा आवाज आला, “मिस्त्री, कुठे दडलात?” दादाने गज नळीखालच्या खोबणीत सरकवला, बंदूक अंगणातल्या टेकूला उभी केली आणि आत गेला.

परत आला तो डॉक्टरांना घेऊन. डॉक्टर आपली अक्कलदाढेची कुठलीशी गोष्ट सांगत होते. दादाने बंदूक उचलली, दस्त्यावरून हात फिरवला, आणि मग गज उपसून हातात धरला.

“डॉक्टर, बंदूक घेताय तर एक लक्षात ठेवा. हातात घेतली की आधी गज टाकायचा. आमचा धाकटा बघा, तो खिडकीत बसलाय तो...”

झाली गोष्ट सुरू. खिडकीत बसलेल्या माणसाने हातातला घासायचा कागद खाली ठेवला. दादाने गज हवेत नाचवत आख्खी गोष्ट सांगितली. टण्ण कसं वाजतं ते तोंडाने करून दाखवलं. धप्प करून दाखवलं. डोळा टाकून बसला म्हणाला. डॉक्टर हसले. दादाही हसला आणि गज परत खोबणीत सरकवला.

नळीत टाकलाच नाही! सांगितला आणि सांगण्यातच त्याला टाकल्यासारखा वाटला. जन्मभर ज्या गोष्टीवरून दुसऱ्याला टाकून बोलला, ती गोष्ट तोंडाने बोलता बोलता हाताने राहून गेली. मग त्याने माप काढलं आणि भरलेल्या नळीत दुसऱ्यांदा दारू ओतली.

धाकट्याच्या तोंडात ‘दादा’ हा शब्द आला होता. तो बाहेर पडला नाही.

का पडला नाही, हे त्याने स्वतःला पुढे कितीतरी वेळा विचारलं. डॉक्टरांसमोर बोललो तर दादाची अब्रू गेली, उद्या सगळ्या क्लबात होईल, हे एक. आता ठासेल तेव्हा गज वर उभा राहिलेला दिसेल आणि आपलं आपणच थांबेल, हे दुसरं. ही दोन्ही कारणं खरी होती. पण खाली, पार तळाशी, तिसरंही होतं. होऊन जाऊ दे. एकदा कळू दे त्याला. हा विचार जेमतेम एका श्वासाचा असेल, पण आला. स्वतःच्या भावाबद्दल आला.

दादाने कापड घेतलं, गोळी बसवली, ठासली. गजावरची खूण नळीच्या तोंडापासून अर्धी वीत वर राहिली. ती खूण दादाने स्वतः कोरली होती. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याला ती दिसत नव्हती. त्याने गज काढला, बार पेटवणारी तांब्याची टोपी बसवली आणि घोडा मागे चढवला.

“दादा!”

खिडकीतून उडी मारायचं त्याचं वय नव्हतं, तरी मारली. गुडघा फुटला. “दादा, थांब! भरलेली आहे ती!”

दादाने नळी आभाळाकडे केली, घोडा हळूच अंगठ्याने खाली घेतला. “काय बडबडतोस?”

धाकटा धापा टाकत उभा होता. डॉक्टर एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. मघाचा तो श्वास धाकट्याच्या छातीत अजून तसाच अडकला होता, आणि त्यानेच बहुतेक ते वाक्य बाहेर ढकललं.

“मी भरून ठेवली होती सकाळी. सांगायचं राहिलं.”

दादाने टोपी काढून फेकली, गज नळीत सोडला. धप्प. खूण अर्धी वीत वर. दादाचा चेहरा पांढराफटक पडला, मग लाल झाला.

“मूर्खा!” तो ओरडला. “एक डोळा घालवून अक्कल आली नाही? माझ्या गालाशी धरत होतो मी ती! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. बघितलंत डॉक्टर? मी सांगत होतो आणि हा प्राणी तेच करून बसला होता!”

डॉक्टरांना घाम फुटला होता. घाम पुसल्यावर त्यांना हसू आलं. “तुम्ही वाचलात म्हणायचं मिस्त्री! अहो, आमच्याकडे चुकीचा दात निघाला तर निदान माणूस उरतो.” मग त्यांनी घड्याळ बघितलं, दवाखान्यात पेशंट खोळंबलेत म्हणाले, उद्या सकाळी येतो म्हणाले आणि गेले. धाकटा तिथेच उभा होता, गुडघ्यातून रक्त येत होतं. कोणी विचारलं नाही.

दुपारी दादाने नळीत पाणी ओतून आतली दारू मारली. नळी बाकावरच्या शेगड्याच्या जबड्यात आवळली आणि गजाच्या टोकाला गोळी उपसायचा स्क्रू बसवला.

“मी काढतो, दे,” धाकटा म्हणाला.

“आता तुझ्या हातात देऊ? बस तिकडे.”

दादाचे हात सराईत होते. डोक्याने साथ सोडली तरी हातांनी सोडली नव्हती. तेच हात तर बार दोनदा भरून बसले होते. स्क्रू शिशात रुतला, दादाने पाय टेकून ओढ दिली, गोळी बाहेर आली. तिला चिकटून काळं पडलेलं ओलं कापड आलं. दादाने ते बाकावर ठेवलं. काजळी पाण्याने निघाली आणि खालचे निळे पट्टे दिसले.

हे धाकट्याच्या लक्षातच आलं नव्हतं! दादा गोळीसाठी गादीच्या जुन्या अभ्र्याचं निळ्या पट्ट्यांचं कापड वापरायचा, वहिनी त्याच्यासाठी जपून ठेवायची. धाकटा वापरायचा चादरीचं पांढरं. त्यावरून दोघांचे वाद व्हायचे, चादर फाटते म्हणून दादा नाक मुरडायचा. दुसऱ्याचा डबा कधी कुणी उघडला नव्हता.

“दादा, राहू दे आता. चहा घेऊन मग बघू.”

दादाने ऐकलं नाही. चिखल झालेली दारू खरवडून काढली, पुन्हा स्क्रू आत घातला, पुन्हा ओढ दिली. दुसरी गोळी आली, दुसरं कापड आलं. त्याने ते पहिल्याच्या शेजारी ठेवलं आणि अंगठ्याने पुसलं. निळे पट्टे.

त्याने दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बघितले.

“तू पांढरं वापरतोस,” तो म्हणाला.

“तुझ्या डब्यातलं घेतलं होतं.”

“आयुष्यात कधी घेतलंस?”

दादा स्टुलावर बसला.

“मला आठवतच नाही रे,” तो म्हणाला. “दोन्ही मी भरले. आणि मला एकच आठवतो.” आणि मग, “तू स्वतःवर का घेतलंस?”

“डॉक्टर होते ना.”

दादाने कापडाचा एक तुकडा उचलला आणि बोटांत फिरवायला लागला. त्याचा आवाज बदलला. धाकट्याने तो आवाज फार वर्षांपूर्वी, दवाखान्यातल्या खाटेच्या पायथ्याशी दादा रडत होता तेव्हा ऐकला होता.

“तेव्हाही मीच भरून ठेवली होती.”

धाकट्याने आपलं स्टूल जवळ ओढलं.

“तुझी वहिनी मागच्या दाराशी आली होती. तेव्हा कुठली वहिनी म्हणा. बाबांना कळू नये म्हणून मी तशीच बंदूक कोपऱ्यात टेकवून पळालो. नदीवर बसलो होतो आम्ही. परत आलो तर तुला उचलून नेत होते.” दादाने तुकडा बाकावर ठेवला. “बाबा विचारतील म्हणून मी वाट बघत होतो. विचारलं असतं तर सांगितलं असतं. शपथ. त्यांनी विचारलंच नाही. आणि मग उशीर झाला. रोज थोडा थोडा उशीर होत गेला. मग मी त्याची गोष्ट केली. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.”

ह्या वाक्यासाठी धाकट्याने किती उत्तरं तयार ठेवली होती! कडू, गोड, सगळ्या तऱ्हेची. त्यातलं एक आठवेना. त्याला रडू फुटलं, लहान मुलासारखं, आणि जिथे डोळा नव्हता त्या खोबणीतूनसुद्धा पाणी आलं. दादाने उठून त्याचं डोकं पोटाशी धरलं. त्याच्या एप्रनला तेलाचा आणि दारूचा वास येत होता.

“उद्या डॉक्टरांसमोर सांगतो,” दादा म्हणाला. “तुझ्या वहिनीला सांगतो. आणि हे दुबार-बिबार आजपासून बंद. ज्याच्या त्याच्या तोंडावर सांगतो, दुबार असेल तर मी आहे.”

धाकट्याने नाक पुसलं. आता आपलंही सांगून टाकावं, असं त्याला फार वाटलं. की मी बघत होतो, दारू ओतताना बघितली आणि गप्प बसलो. “दादा, मलाही एक सांगायचंय.”

“उद्या सांग रे. आज पुरे झालं.”

बरं, उद्या. त्या रात्री तो शांत झोपला. उशीवर डोकं टेकलं आणि झोप लागली, असं त्याच्या आयुष्यात फार थोड्या वेळा झालं होतं.

“दुबार! अरे ए दुबार, ऊठ!”

सकाळी ह्या हाकेने तो उठला. कारखान्यात गेला तर दादा तेलाचं भांडं घेऊन नळीवर वाकला होता.

“नळीत पाणी कोणी ओतलं? गंज चढेल ना अशाने. तुझा तो धांदरटपणा काही मरेपर्यंत जायचा नाही. काल डॉक्टरांसमोर दुबार भरून ठेवलीस, आज हे.”

धाकटा दारातच उभा राहिला. “दादा, काल दुपारी आपण बोललो...”

“काय बोललो?”

दादाच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. लपवलेलं असतं तरी चाललं असतं, लपवलेलं ओळखायची धाकट्याला सवय होती. हा चेहरा नुसता मोकळा होता. बाकावर ते निळ्या पट्ट्यांचे दोन तुकडे वाळून पडले होते. दादाने ते उचलले, त्यांना हातावरचं तेल पुसलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले.

धाकटा स्वयंपाकघरात गेला. वहिनी कणीक मळत होती. त्याने तिला कालचं काही सांगितलं नाही. काय सांगणार? साक्षीदार कोण? एवढंच म्हणाला, “वहिनी, आज काही झालं तरी दादाच्या हातात बंदूक द्यायची नाही.”

तिने विचारलं नाही का ते. हात धुतले, कपाटातून पट्टी काढली आणि कारखान्यात गेली.

“अहो, खांदा कसा आहे आता?” तिने दादाला विचारलं. “रात्रभर कण्हत होतात.”

“माझा खांदा?”

“मग कुणाचा? काल घसरलात ना अंगणात. द्या इकडे.” आणि तिने त्याचा उजवा खांदा काखेतून पट्टी घेऊन घट्ट बांधून टाकला. दादाने हात वर-खाली करून बघितला आणि तोंड वाकडं केलं.

“हो गं,” तो म्हणाला, “दुखतोय खरा.”

वहिनी तशीच वळून आत गेली. मळलेल्या कणकेवर तिने आणखी कितीतरी वेळ हात चालवला.

डॉक्टर आले तेव्हा दादा अंगणात स्टुलावर बसला होता. “डॉक्टर, आज पहिला बार धाकटा काढणार. माझा खांदा कामातून गेलाय. पण काळजी करू नका, मी बसलोय लक्ष ठेवायला.” मग धाकट्याकडे वळून, “दुबार, गज टाकलास का?”

धाकट्याने गज टाकला. टण्ण. खूण तोंडाशी.

“म्हणून याला दुबार म्हणतात बरं का,” दादा डॉक्टरांना सांगायला लागला, आणि गोष्ट सुरू झाली. डॉक्टरांनी ती कालच ऐकली होती. त्यांनी एकदा धाकट्याकडे बघितलं, काहीतरी समजल्यासारखे गप्प झाले आणि योग्य जागी हसले. धाकट्याने दारू ओतली, पांढरं कापड घेतलं, गोळी बसवली, ठासली. टोपी काढायला खिशात हात घातला.

“दुबार, गज टाकलास का?”

“टाकला, दादा.”

“परत टाक. मला दाखव.”

डॉक्टर काही बोलणार होते. धाकट्याने त्यांना मानेनेच नको म्हटलं. त्याने भरलेल्या नळीत गज सोडला. धप्प. खूण वर राहिली. दादा स्टुलावरून उठला, बांधलेला खांदा सांभाळत जवळ आला आणि वाकून त्या खुणेकडे बघत राहिला. काल त्याला ती दिसली नव्हती. आज दिसली.

“अरे, ही तर भरलेली आहे!” त्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत भीती होती, खरीखुरी, भावासाठीची. “भरून कोणी ठेवली?”

सगळ्या आयुष्यात हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला होता, आणि विचारत होता दादा. धाकटा त्याच्याकडे एका डोळ्याने बघत राहिला. कालचं सगळं आता ह्या जगात त्याच्या एकट्याकडे उरलं होतं. दादाचं ते वाक्यही, आणि स्वतःचं न सांगितलेलंही.

“मी, दादा,” तो म्हणाला.

“तरीच,” दादा म्हणाला आणि सुटकेने हसला. परत जाऊन स्टुलावर बसला. धाकट्याने टोपी बसवली, डाव्या खांद्याला बंदूक लावली आणि चाप ओढला. धूर वाऱ्यावर घराकडे गेला. तो विरतो न विरतो तोच मागून दादाचा आवाज आला.

“दुबार, गज टाकलास का?”